जहाज आधी मोडायचं

माणसं धंद्यात बुडतात, दारूत बुडतात. मी परग्रहावर बुडालो. तेही भिलाईजवळच्या कुम्हारीत, भाड्याच्या घरात, बनियनवर बसून, रविवारचं वरण-भात पोटात असताना.

मुलगा पुण्याला नोकरीला लागला तेव्हा त्यानं आपला जुना लॅपटॉप मला दिला. त्याचा पंखा मालगाडीसारखा आवाज करायचा. भिलाईच्या सुपेला बाजारात एका दुकानदाराला दाखवला तर तो म्हणाला, "अंकलजी, इसको अब आराम दो." मी म्हटलं, रिटायर मी झालो, आराम याला कशाला? तर त्या लॅपटॉपवर मुलानं एक गेम घालून दिला. नाव सांगत नाही, कारण मला ते अजून नीट उच्चारता येत नाही. तो तिकडे पुण्यात, मी इकडे, फोन स्पीकरवर, दर रविवारी दुपारी. आम्हा बापलेकांचं बोलणं एरवी "जेवला का?" आणि "जेवलो" इथं संपायचं. गेम आल्यापासून ते दुपारभर चालायला लागलं. एवढा एक उपकार अंतराळानं माझ्यावर केला. बाकी त्यानं माझं काही भलं केलेलं नाही.

गेम असा. आपलं एक मोठं जहाज पोटात माणसं, धान्य आणि यंत्रं घेऊन परक्या ग्रहावर येतं. जागा पाहून उतरायचं आणि वस्ती बसवायची. दुसरे खेळाडूही त्याच ग्रहावर उतरत असतात. ज्याची वस्ती आधी स्वतःच्या पायावर उभी राहील तो जिंकला. आणि सगळं काही सुरुवातीच्या चार चालींत ठरतं, हे मुलानं पहिल्याच रविवारी सांगून टाकलं.

"बाबा, सीधी बात हाय. बर्फ दिसला, खनिज दिसलं, का उतरायचं. याच्याहून चांगली जागा भेटन म्हणून फिरत नाही राहायचं. आणि उतरल्याबरोबर जहाज मोडायचं."

"मोडायचं?"

"हाँ. त्याच्या पत्र्याची छपरं होतात, इंजिनाचं वीजघर होते. ठेवलं तर बसल्या जागी इंधन खाते."

"अन् परत कायनं जायचं?"

मग तो म्हणाला, "बाबा, परत नाही जायचं. राहायला आलो ना आपण."

आता मी भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये वजनकाट्यावर नोकरीला होतो. मालगाडीचा भरून आलेला डबा रिकामा झाला की परत गेलाच पाहिजे, हा माझा नोकरीभरचा धर्म. डबा मोडून त्याचं छप्पर करणारा माणूस आमच्याकडे सस्पेंड झाला असता. म्हणून मी जहाज मोडलं नाही. आधी ग्रहाला दोन चकरा मारल्या. एका जागी बर्फ होता पण ऊन नव्हतं, एका जागी ऊन होतं पण शेजार पसंत पडला नाही. तोवर पोराच्या वस्तीत भाजी पिकायला लागली. शेवटी जिथं काहीच नव्हतं तिथं उतरलो, माणसं तंबूत ठेवली आणि जहाज मैदानात उभं केलं. दर खेपेला त्यात इंधन घालत राहिलो. असू द्यावं, वेळ काही सांगून येते काय?

"बाबा, आपके लोग ठंड में मर रहे हैं," मुलगा ओरडायचा, "आणि जहाज कसं चमकून राहिलं पाहा!"

चमकायचं मात्र छान. पुढच्या रविवारी मी पुन्हा तेच केलं. त्याच्या पुढच्या रविवारीही. हरण्यात माझी अशी शिस्त होती की कंपनीनं त्याबद्दल बक्षीस द्यावं.

बायको पलंगावर पाय लांब करून मेथी निवडत असायची. भाड्याचं घर वरच्या मजल्यावर, जिना अंगावर येणारा, आणि तिचे गुडघे असे की वर आली ती आलीच. आम्ही प्लांटच्या सेक्टरमधल्या क्वार्टरात होतो तेव्हा विहारातली वंदना तिनं कधी चुकवली नाही. इथं आल्यापासून ती खिडकीतून हायवेवरचे ट्रक पाहायची. ट्रकवाल्यांची वंदना काही तिला जमली नाही.

एका रविवारी मी हरलो तेव्हा ती मेथीकडे पाहतच म्हणाली, "त्या पोराले समजत नाही, पण मी ओळखतो तुमचं जहाज. दोन मजली हाय. मोठ्या सडकेवर उभं हाय."

मी लॅपटॉप मिटला. घरोघरी बायका नवऱ्याच्या चुका लक्षात ठेवतात. माझी तर नकाशासकट ठेवते.

त्या जहाजाची गोष्ट सांगतो. ती सांगताना मी हुशार दिसेन अशी एकही जागा नाही, पाहून घ्या.

माझा बाप वर्ध्याकडच्या एका गावातून भिलाईला आला तेव्हा प्लांट अजून उभा राहत होता. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. वर जी मोठी सडक होती, तिच्यावरून जाताना बापाला लहानपणी पायातली चप्पल हातात घ्यावी लागायची. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना चप्पल कोणत्या हातात धरायचा तेही सांगितलं. मग तो प्लांटात कोक ओव्हनच्या भट्टीवर लागला, नोकरीभर आगीसमोर उभा राहिला, आणि गावाला गेला तो फक्त कुणाच्या मातीला. मिळालेली वाट्याची जमीन भावांना देऊन आला होता. परतीचं तिकीट ठेवलंच नव्हतं. ज्याला मुलगा पहिली चाल म्हणतो, ती माझ्या बापानं कॉम्प्युटर न पाहता खेळली होती.

आणि मी? मी क्वार्टरात जन्मलो. मागच्या आवारातल्या पेरूवर चढून मोठा झालो. वाळत घातलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर लाल धूळ बसते म्हणून आईच्या शिव्या खाल्ल्या. माझी चप्पल जन्मापासून पायातच. म्हणून मला गावाची ओढ लागली! ज्याला चटका बसला तो दूर राहिला, आणि ज्याला कधी बसला नाही तो शेकायला निघाला.

क्वार्टर नोकरी असेपर्यंतच आपलं, मग किल्ली परत द्यायची, हे भिलाईत शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. म्हणून शहाणे लोक नोकरी चालू असतानाच जागा पाहून ठेवत. आमच्या शेजारच्या क्वार्टरात माझ्याच काट्यावरचा एक जण होता, भंडाऱ्याकडचा. त्यानं भिलाईतच स्मृति नगरात प्लॉट घेतला तेव्हा मला स्कूटरवर मागे बसवून दाखवायला नेलं. पावसानं सगळा चिखल झालेला. त्या चिखलाच्या मधोमध उभा राहून तो म्हणाला, "घे बे बाजूचा. जिंदगीभर भांडत राहू."

मी चिखलाकडे पाहिलं, माझ्या पॉलिश केलेल्या बुटाकडे पाहिलं. "इथं कोण राहीन? मले गावाले बांधायचं हाय. मोठ्या सडकेवर."

"कोणाले दाखवाले?"

"ज्यायनं माह्या बापाले चप्पल हातात घ्यायले लावली, त्यायले."

वाक्य चांगलं होतं. मला स्वतःलाच इतकं आवडलं की मी ते पुढं बऱ्याच जणांना ऐकवलं. चांगल्या वाक्याच्या नादानं माणसं घरं बांधतात, त्यातला मी एक.

बापाला सांगितलं तेव्हा तो अंगणात खाटेवर बसला होता. मला वाटलं पाठीवर हात ठेवेल. तो म्हणाला, "चप्पल पायात घालता यावी म्हणून मी इथं आलो. तू कावून परत त्या सडकेवर चालला?"

"बुट घालून चाललो, बाबा."

"बुट घाल नाही तर काही घाल. सडक त्यायचीच हाय ना?"

मी मनात म्हटलं, म्हातारा घाबरला. घर बांधलं. दोन मजली, सडकेवर येणारी गॅलरी, गॅलरीला स्टीलचा कठडा. भिलाईचा माणूस, लोखंडात काटकसर कशाला? घरात जायच्या दिवशी भन्तेजींना बोलावून वंदना केली, गावजेवण दिलं. लोक आले, जेवले, हात धुऊन गेले. बाप आला नाही. त्या घराचा उंबरा त्यानं शेवटपर्यंत ओलांडला नाही. गेला तो क्वार्टरातच, प्लांटचा भोंगा ऐकू येईल अशा खोलीत.

त्यानंतर रिटायर होईपर्यंत माझी प्रत्येक मोठी सुट्टी त्या घरात गेली. कधी पाण्याची मोटार जळाली, कधी गच्ची गळाली, कधी वाळवी. मुलगा लहान होता तेव्हा आमच्यासोबत यायचा, गच्चीवर पतंग उडवायचा. मोठा झाल्यावर क्लास, परीक्षा, मग त्याचं येणं बंद. मी मात्र न चुकता इंधन घालत राहिलो.

अखेर क्वार्टरची किल्ली दिली, सामान ट्रकमध्ये टाकलं आणि आम्ही गावी राहायला गेलो. पहिल्याच सकाळी मी इस्त्रीची पँट घातली, बूट घातले, चहाचा कप घेतला आणि गॅलरीत उभा राहिलो. मोठी सडक समोर. आता बघा म्हटलं, साल्यांनो.

बघायला कोणी नव्हतं.

समोरच्या मोठ्या वाड्याला कुलूप. त्यातले लोक नागपूरला गेलेले. त्यांच्यातली एक म्हातारी तेवढी मागच्या खोलीत होती, तिला दिसत नव्हतं. ज्या लोकांना दाखवायचं म्हणून मी स्मृति नगर सोडलं ते मेले तरी होते, नाही तर त्यांची पोरं माझ्या मुलासारखी पुण्यात कुणाच्या तरी फ्लॅटचे हप्ते भरत होती. ज्याले दाखवायचं तो पाहाले तर पाहिजे! मी गॅलरीत उभा राहून एका बकरीला घर दाखवलं. दोन-चार दिवसांनी एक कॉलेजचा पोरगा मोटारसायकल थांबवून वर पाहायला लागला तेव्हा माझी छाती फुगली.

"काका," तो म्हणाला, "तुमच्या गॅलरीत नेटवर्क येते काय?"

येत होतं. तेवढाच मान त्या घरानं मला मिळवून दिला.

आणि वस्ती? खालच्या वस्तीतले आपले लोक बायकोला म्हणायचे, "तुमी वर राहाले गेले ना, बाई." वरचे म्हणायचे, "ते भिलाईवाले." मी तिथल्या दुकानात बोललो की दुकानदार हिंदीत उत्तर द्यायचा, माझ्या मराठीत किती हिंदी आणि छत्तीसगढी शिरली आहे हे मला तिथं कळलं. बायकोचे गुडघे तिथंच पहिल्यांदा दुखायला लागले आणि डॉक्टर होता वर्ध्याला. एक उन्हाळा काढला. मग एक दिवस ती म्हणाली, "मले घरी न्या." ती घरात बसूनच म्हणत होती.

आलो परत. पण कुठं? स्मृति नगरात आता आमची ऐपत फाटकावरची पाटी वाचण्यापुरती. म्हणून कुम्हारी, वरचा मजला. भंडाऱ्याकडचा तो जुना शेजारी भेटायला आला, जिना चढून धापा टाकत खुर्चीत बसला, खिडकीतून हायवे पाहिला आणि म्हणाला, "तुले मोठी सडकच पाहिजे होती ना बे? घे. याच्याहून मोठी नाही भेटत."

मी हसलो. त्याच्या चहात मुद्दाम साखर कमी टाकली, पण हसलो.

तर बायकोनं मेथी निवडता निवडता काढलं ते हे जहाज. गावच्या घराला कुलूप लावून आम्ही आलो होतो, आणि तिकडं इंधन चालूच. विजेचं बिल, राखणदार, दर थोड्या महिन्यांनी दुर्गहून गाडी पकडून माझी एक फेरी. ते विकलं असतं तर कुम्हारीतच मागच्या गल्लीत एक तळमजला मिळत होता. पुढं ओटा, तिथून ऑटो धरून भिलाईचं विहार. तिला नुसता जिना उतरायचा नव्हता, तिला जगात परत जायचं होतं. तिनं तोंडानं मागितलं नाही. मागितलं असतं तर मी काहीतरी वाक्य सुचवून वेळ मारून नेली असती. तिला ते माहीत होतं.

त्याच्या पुढच्या रविवारी गेम सुरू झाला. बर्फ दिसला, खनिज दिसलं, मी उतरलो. मग जहाजावर बोट ठेवलं. 'मोडायचे आहे का? ही कृती परत फिरवता येणार नाही,' अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत आलं. मी बायकोकडे पाहिलं. ती गुडघ्याला तेल लावत होती. मी हो म्हटलं.

"वाह बाबा!" मुलगा ओरडला. "आखिर तोड़ दिया! आता पाहा."

खरंच, पाहता पाहता छपरं उभी राहिली, दिवे लागले, तंबूतली माणसं घरात गेली. मी हरलोच, पण त्या दिवशी माझं एकही माणूस थंडीनं मेलं नाही.

सोमवारी मी गावाला फोन लावला. खताचा व्यापार करणारा एक जण आधीपासून विचारत होता, त्याला गोदाम पाहिजे होतं. मुलाला सांगितलं नाही. त्याला काय सांगायचं? तो तर जहाज मोडा म्हणून रविवारोरविवार ओरडत होता. म्हटलं, एकदम नव्या ओट्यावर बसून फोन करू, खूश होईल. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या मोठ्या चुका मी कोणाला तरी खूश करायला निघालो तेव्हाच झाल्या आहेत, हे मला तोवर समजायला पाहिजे होतं.

गावी गेलो, विक्रीचे कागद झाले. जायच्या आधी गॅलरीत एकदा उभा राहिलो. या वेळी बूट काढून हातात घेतले होते, कारण खालच्या खोलीत व्यापाऱ्यानं पोती आणून टाकली होती आणि सगळीकडे खताची भुकटी पडली होती; बुटांचं पॉलिश खराब झालं असतं. सडकेवर आल्यावर लक्षात आलं की मी अजून अनवाणीच आहे. कोणी पाहत नव्हतं. तिथं घाईघाईनं बूट घातले.

तळमजल्यावर राहायला आलो त्या आठवड्यात बायको एकटी ऑटोनं विहारात जाऊन आली. परत आली तेव्हा घामानं भिजली होती आणि बोलत होती, बोलत होती. कोणाच्या सुनेचं काय, कोणाचं ऑपरेशन, सगळं. मी म्हटलं, काम झालं. रविवारी ओट्यावर खुर्ची टाकली आणि मुलाला फोन लावला.

"गावचं घर विकलं आपण," मी म्हटलं. "आईसाठी तळमजला घेतला."

मला वाटलं नेटवर्क गेलं.

"ऐकून राहिला ना?"

"मले विचारलं बी नाही, बाबा?"

"तूच तं म्हणत होता, जहाज मोडा म्हणून."

"वो गेम था, बाबा!"

मी हसलो. तो हसला नाही. मग तो जे बोलला ते मराठीतच बोलला, एकही हिंदी शब्द न टाकता, आणि तेवढ्यावरून मला समजायला पाहिजे होतं. त्याच्या मोबाइलच्या पडद्यावर त्या घराचा फोटो होता. स्टीलच्या कठड्याची गॅलरी, खाली सडक. ऑफिसात कोणी विचारलं, तुझं गाव कोणतं, की तो फोटो दाखवायचा. हे आमचं घर. माझ्या आजोबांना या सडकेवर चप्पल घालता येत नव्हती, तिथं माझ्या बाबांनी हे बांधलं. लोक फोटो हातात घेऊन पाहायचे म्हणे.

"मग आता मी काय दाखवू?" तो म्हणाला.

ओट्यासमोरून एक ट्रॅक्टर गेला, त्याच्या आवाजाचा आधार घेऊन मी थोडा वेळ काढला. एक माणूस पाहत होता तर. गॅलरीत उभा राहून सडकेच्या दोन्ही टोकांना मी पाहणारा शोधला, तो पुण्यात बसला होता.

"तू कधी बोलला नाही," मी म्हटलं.

"तुमी कधी विचारलं?"

नंतरचे काही रविवार त्याचा फोन आला नाही. काम आहे, असा मेसेज यायचा. मी एकटाच लॅपटॉप उघडून कॉम्प्युटरशी खेळायचो. आल्या आल्या जहाज मोडायचो आणि जिंकायचो. पंखा मालगाडीसारखा ओरडायचा.

मग एका रविवारी त्याचा फोन आला. जेवला का, जेवलो. खेळायचं काय? खेळू. दोघं उतरलो. मी बर्फ पाहिला, जहाज मोडलं, छपरं घातली. त्याच्याकडे पाहिलं तर त्याची माणसं तंबूत. मला वाटलं चाल विसरला. पुढच्या खेपेलाही तंबूतच. त्याच्या मैदानात जहाज उभं होतं, चमकत होतं, आणि तो त्यात इंधन घालत होता. स्पीकरवर नुसते त्याच्या बटणांचे आवाज येत राहिले.

त्या दिवशी मी पोटच्या पोराला पहिल्यांदा हरवलं.

बायको ओट्यावर शेजारणीशी बोलत होती. आत येऊन माझं तोंड पाहून म्हणाली, "काय झालं? हरले काय?"

"जिंकलो."

"मग असं तोंड करून कावून बसले?"

"त्यानं जहाज नाही मोडलं वो."

ती पदर खोचून स्वयंपाकघराकडे वळली.

"राहू द्या," ती म्हणाली. "इंधन तं तोच टाकून राहिला ना?"